अमावस्येचा सर्व्हर

“सर, तुमचा सर्व्हर अमावस्येला बिघडतो.”

एका पतसंस्थेच्या कॅशियर मॅडमनी हे वाक्य मला ५ मार्च २०१४ ला सुनावलं आणि मी हसलो. तोंडावर हसलो नाही, तेवढी अक्कल होती. चहाचा कप तोंडाला लावून हसलो. पण त्यांना दिसलंच असणार. काउंटरच्या काचेआड वीस-बावीस वर्षं माणसांचे चेहरे वाचत बसलेल्या बाई त्या.

पतसंस्था सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मी पुण्यात बसून त्यांचा सर्व्हर बघायचो. ‘बघायचो’ म्हणजे बहुतेकदा फोनवरूनच. अगदीच अडलं तर स्वारगेटहून लाल डब्यानं जायचं. आमच्या धंद्यात “स्लो झालंय” यासारखी पोकळ तक्रार दुसरी नाही. डॉक्टरकडे जाऊन “बरं वाटत नाही” म्हणावं तसं ते. काय करताना स्लो, कधीपासून, सगळ्यांना की एकालाच, हे विचारून विचारून माणूस थकतो.

मॅडमची तक्रार मात्र नेमकी होती. खातेउतारा झटकन येतो, शिल्लक दिसते, जुन्या पावत्या सापडतात. पण भरणा घेऊन एंटर मारलं की काम तिथंच थांबतं. संध्याकाळी पिग्मी चढवताना तर हाल. एजंट दिवसभर बाजारपेठ फिरून येतात, हातातली मशीनं जोडतात आणि सगळ्यांच्या मिळून साडेचार हजारांच्या आसपास नोंदी चढतात. एरवी दोन मिनिटांचं काम, ‘त्या’ दिवशी पंचवीस मिनिटं. एका एजंटाची शेवटची एसटी चुकली होती आणि त्यानं मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन चार शब्द ऐकवले होते.

म्हणजे वाचणं ठीक, लिहिणं मंद. नुसत्या एवढ्यावरून निम्मं निदान व्हायला हवं होतं. पण ते होण्याआधी माझ्या हातून एक गाढवपणा झाला होता, तो सांगायला हवा.

जानेवारीतही मी तिथं गेलो होतो. २ तारखेला फोन आला, ३ तारखेला पोचलो, तर सगळं सुरळीत. रोगी डॉक्टरसमोर आला की खोकला थांबतो, तसं. तरी इतक्या लांब आलोय म्हणून डीडी नावाच्या आज्ञेनं एक गिगाबाइटची फाइल लिहून पाहिली. उत्तर आलं, सेकंदाला नऊशे मेगाबाइट. मी मॅनेजरना म्हणालो, “सर्व्हर ठणठणीत आहे.” बिल लावलं आणि परत आलो.

त्या सर्व्हरमध्ये फिरत्या तबकड्यांच्या साध्या चार डिस्का होत्या. त्या चारी मिळूनसुद्धा सेकंदाला नऊशे मेगाबाइट लिहू शकत नाहीत. आकडा उघड उघड खोटा होता, पण चांगल्या आकड्याची उलटतपासणी कुणी करत नाही. त्या सर्व्हरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिची रीत अशी, की प्रोग्रॅमनं “हे लिही” म्हटलं की तो मजकूर आधी मेमरीत ठेवायचा आणि लगेच “झालं” म्हणायचं. डिस्कवर मागाहून, सवडीनं. मेमरीत पडलेला मजकूर साधारण तीस सेकंद जुना झाला, किंवा अशा न उतरलेल्या मजकुरानं मोकळ्या मेमरीचा दहावा हिस्सा व्यापला, की मागच्या मागे तो डिस्कवर उतरायला लागतो. वीस टक्क्यांवर गेला तर मात्र लिहिणाऱ्यालाच धरून थांबवतात. त्या मशीनला आठ गिगाबाइट मेमरी होती. माझी फाइल तिच्यात आरामात मावली. मी मेमरीचा वेग मोजला आणि तो डिस्कच्या नावानं सांगितला.

पतसंस्थेला ही उधारी चालत नाही. गिऱ्हाइकानं पैसे दिले, पावतीवर शिक्का बसला आणि तेवढ्यात वीज गेली, तर ती नोंद राहायलाच हवी. म्हणून डेटाबेस दर व्यवहाराच्या शेवटी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एफसिंक नावाची हाक घालतो. अर्थ असा: मेमरीतलं सांगू नकोस, खाली उतरलं का ते सांग, आणि उतरेपर्यंत मी इथंच उभा आहे. आपल्याकडे बँकेच्या खिडकीवर “शिक्का मारून द्या” म्हणून हटून बसणारे आजोबा असतात ना, तसं हे. एकानं शिक्का मागितला की कधी कधी अख्खी रांग खोळंबते, तेही इथं होतं. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला तेव्हा लिनक्सवर त्याचा असाच बोभाटा झाला होता. ब्राउझर आपल्या इतिहासाची बारीकशी नोंद करून एफसिंक मागायचा आणि ईएक्सटी३ ही तेव्हाची फाइल सिस्टिम त्या एका नोंदीपायी बाकीच्यांचाही तुंबलेला मजकूर उतरवत बसायची. मागे मोठी फाइल कॉपी होत असेल तर ब्राउझर काही सेकंद गोठायचा.

५ मार्चला मी शहाणा होऊन गेलो होतो. मोठी फाइल लिहिण्याऐवजी छोट्या छोट्या हजारो नोंदी, प्रत्येकीवर एफसिंक, अशी चाचणी लावली. उत्तर आलं, सेकंदाला हजाराच्या वर शिक्के. म्हणजे पुन्हा ठणठणीत!

इथं मला जरा खटकलं. त्या डिस्का मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरी म्हणजे सव्वाआठ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय डोकं तिथवर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. तबकडीच्या या गतीला काही केल्या फसवता येत नाही. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक यंत्राबरोबर पहिली डिस्क आणली, तिच्यात दोन-दोन फुटी ५० तबकड्या होत्या. मावायची ५० लाख अक्षरं आणि फिरायची मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी. मला हा हिशोब फार आवडतो: २०१४ च्या आमच्या डिस्कमध्ये त्याच्या लाखोपट मजकूर मावत होता, पण ती फिरत होती फक्त सहापट जोरात. मग सेकंदाला हजार शिक्के मारतंय कोण?

मारणारा होता रेड कंट्रोलर. चार डिस्का एकत्र बांधून कर्नलला एकच डिस्क असल्याचं भासवणारं कार्ड. त्याच्यावर स्वतःची थोडी मेमरी असते आणि त्या मेमरीला स्वतःची बॅटरी. मजकूर त्या मेमरीत पडला की कार्ड “झालं” म्हणून शिक्का देतं. वीज गेली तरी बॅटरीच्या जोरावर तो दोन-तीन दिवस टिकतो आणि वीज आली की डिस्कवर उतरतो. म्हणजे हीसुद्धा उधारीच, पण तारण असलेली. इथपर्यंत मी त्या दिवशी पोचलो, आणि थांबलो. कारण उधारी व्यवस्थित चालू होती. काही बिघडलेलं दिसतच नव्हतं.

तेवढ्यात मॅडमनी अमावस्या काढली. मी कपाआड हसल्यावर त्या उठल्या आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर टाकलं. गेल्या वर्षीचंही कपाटातून आणलं. “मागच्या पानांवर पदार्थ असतात, म्हणून टाकत नाही मी,” म्हणाल्या. त्यावर दुधाच्या खुणा, गॅस सिलिंडरची तारीख, कुणाच्या तरी बारशाची वेळ, आणि या सगळ्याच्या मधे लाल पेनानं ‘स.’ म्हणजे सर्व्हर. ४ ऑक्टोबर, शुक्रवार, सर्वपित्री अमावस्या. “तेव्हाच मी म्हटलं होतं, आजच्या दिवशी नवीन मशीनला काय झालं.” मग ३ डिसेंबर, आदल्या दिवशी अमावस्या. २ जानेवारी, आदल्या दिवशी अमावस्या. १ फेब्रुवारी, अमावस्या होऊन दोन दिवस. ३ मार्च, पुन्हा दोन दिवस.

“अगदी त्याच दिवशी नाही सर, पण मागे-पुढे असतंच.”

मी पानांचे फोटो काढून घेतले, मुख्यतः त्यांना बरं वाटावं म्हणून. परतीच्या एसटीत खंबाटकी घाटात गाडी रांगली आणि करायला काही नव्हतं, तेव्हा ते फोटो उघडले. ३ डिसेंबर ते २ जानेवारी, तीस दिवस. २ जानेवारी ते १ फेब्रुवारी, तीस. १ फेब्रुवारी ते ३ मार्च, फेब्रुवारी अठ्ठावीसचा असूनही तीस. ४ ऑक्टोबर ते ३ डिसेंबर साठ, म्हणजे मधली एक खूण गाळलेली: ३ नोव्हेंबर. त्या दिवशी रविवार, वर लक्ष्मीपूजन. संस्था बंद.

अमावस्या साडेएकोणतीस दिवसांनी येते. हे जे काही होतं ते तीस दिवसांनी येत होतं, म्हणून दर खेपेला अर्धा दिवस मागे पडत होतं. सर्वपित्रीला दोघांनी एकत्र चालायला सुरुवात केली आणि मार्चपर्यंत दोन दिवसांचं अंतर पडलं. मॅडमचं मोजमाप अचूक होतं. चंद्रावरचा आळ तेवढा खोटा.

त्याच प्रवासात दुसरी गोष्टही सुटली. लिनक्सवर ठरावीक वेळी कामं करणारा जो क्रॉन असतो, त्याला महिना कळतो, वार कळतो, तारीख कळते. ‘दर तीस दिवसांनी’ त्याला सरळ सांगता येत नाही. तो पहिल्या तारखेला उठेल, नाहीतर रविवारी. महिना तीसचा, एकतिसाचा की अठ्ठाविसाचा याची पर्वा न करता इमानानं तीस दिवस मोजणारी चीज प्रोग्रॅममध्ये नव्हे, तर एखाद्या कार्डाच्या पोटात असणार. आणि बॅटरीवालं कार्ड तिथं एकच होतं.

आता कंट्रोलरशी बोलणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकायचं आणि कार्डाची स्वतःची डायरी वाचायची, एवढंच बाकी होतं. ते पहिल्या दिवशी का टाकलं नव्हतं, याचं उत्तर लाजिरवाणं आहे: कर्नलला एकच डिस्क दिसत होती, म्हणून मलाही एकच दिसत होती. पण मॅनेजरसाहेब म्हणाले, “मार्च एंड होऊ दे. मग काय हात लावायचा तो लावा.” त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मार्चमध्ये पतसंस्थेच्या सर्व्हरला हात लावणाऱ्यानं धंदा बदलायची तयारी ठेवूनच यावं.

३ मार्चनंतर तीस दिवस म्हणजे २ एप्रिल. त्या वर्षी अमावस्या आली ३० मार्चला, रविवारी, आणि ३१ ला गुढीपाडवा. वर्षअखेर म्हणून दोन्ही दिवस संस्थेत काम चालू होतं. पाडव्याला मॅडमचा फोन आला. आवाजात जरा निराशा होती. “काल अमावस्या होऊन गेली सर. काही झालं नाही.”

“बुधवारी होईल,” मी म्हणालो.

बुधवारी सकाळी मी तिथं हजर. सर्व्हर रेकॉर्ड रूममध्ये होता, लोखंडी कपाटं आणि लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या दप्तरांच्या मधे. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर टाकलं, पण डायरी मुद्दामच लगेच उघडली नाही. आधी डोळ्यांनी बघायचं होतं. स्टुलावर बसून एका खिडकीत डिस्कचं काम मोजणारा आयओस्टॅट लावला, दर सेकंदाला एक ओळ. एका लिखाणाला किती थांबावं लागतं, तो रकाना सकाळभर शून्य पूर्णांक काहीतरी मिलिसेकंद दाखवत होता. जेवणाचा डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी पोळीला लावली आणि एक वाजून काही मिनिटांनी तो रकाना बदलला. ०.६, ०.६, मग ३१, ४४, ३८. डिस्क किती वेळ कामात आहे त्याचा आकडा सहा-सात टक्क्यांवरून अठ्ठ्याण्णवला गेला. प्रोसेसर मात्र रिकामा, मजेत. डेटाबेसच्या प्रोसेसेस एकामागून एक ‘डी’ अवस्थेत जाऊन बसल्या. या अवस्थेतली प्रोसेस डिस्ककडे डोळे लावून बसलेली असते, तिला मारायला गेलं तरी ती मरत नाही. बाहेरून मॅडमचा आवाज आला, “आलं बघा!”

चटणीचे हात पुसून मी कंट्रोलरची डायरी उघडली. ताजी ओळ होती: बॅटरीची फेरतपासणी सुरू, लेखन-मेमरी बंद, थेट डिस्कवर लिहिणं चालू. तिच्या वर ३ मार्च, १ फेब्रुवारी, २ जानेवारी, ३ डिसेंबर, ३ नोव्हेंबर, ४ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही, बंद संस्थेत, कुणी बघत नसताना.

बॅटरी जुनी झाली की तिच्यात किती जोर उरलाय हे बाहेरून कळत नाही. म्हणून कार्ड दर तीस दिवसांनी तिला पूर्ण उतरवतं, पुन्हा पूर्ण भरतं आणि मोजतं. याला काही तास लागतात, आमच्याकडे सहा-सात. तेवढा वेळ तारण नाही, म्हणून उधारीही नाही. शिक्का हवा तर मजकूर खरोखर तबकडीवर जाईल, मगच. त्यात त्या चार डिस्का रेड ५ पद्धतीनं बांधलेल्या. तिथं एक छोटी नोंद बदलायची तर आधी जुनी नोंद वाचा, तिचा ताळा (एखादी डिस्क गेली तर मजकूर परत जुळवायला ठेवलेला हिशोब) वाचा, मग नवी नोंद लिहा, नवा ताळा लिहा. एकाच्या जागी चार खेपा. एका व्यवहाराला मी ऐंशी मिलिसेकंद मोजले. पिग्मीच्या साडेचार हजार नोंदींत प्रत्येकीमागे सॉफ्टवेअर चार वेगवेगळे व्यवहार पक्के करत होतं, म्हणजे अठरा हजार शिक्के. अठरा हजार गुणिले ऐंशी मिलिसेकंद, चोवीस मिनिटं. एसटी चुकलेल्या एजंटाचा हिशोबही त्यात बसला.

मॅडमना मी हे सगळं डब्याच्या झाकणावर बोटानं रेघा मारत सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे उपास करते ती. आणि उपासाच्या दिवशी तिला कामाला जुंपायचं नाही.” इतकं चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही.

मॅनेजरसाहेबांना उपायाची घाई होती. कंट्रोलरमध्ये एक पर्याय असतो: बॅटरी नसली तरी लेखन-मेमरी चालूच ठेवा. त्यांच्या भाच्यानं तो इंटरनेटवर वाचला होता. “एक टिक मारायची आहे फक्त. यूपीएस आहे की आपला.” ती टिक मी २००९ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी मारली होती. भारनियमनात एका दुपारी यूपीएसनंच मान टाकली. सर्व्हर परत चालू झाला, डेटाबेस झाला नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी कागदी व्हाउचरांवरून मी आणि दोन क्लार्कनी रात्रभर पुन्हा मारल्या. एक क्लार्क वाचायचा, दुसरा मारायचा, मी ताळा घ्यायचो. पहाटे साडेचारला टॅली लागली. शेवटपर्यंत मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांना विचारलं, “संगणक यायच्या आधी तुम्ही रोजकीर्द आधी लिहायचात की खतावणी?”

“रोजकीर्द. मग सवडीनं खतावणी. का?”

“डेटाबेसही तेच करतो. खतावणी मागाहून लिहिली तरी चालते. पण रोजकीर्दीत न लिहिताच पावती फाडली तर?”

साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नको ती टिक.” भाच्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे २०१८ मध्ये पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस बनवणाऱ्या लोकांना कळलं, की लिनक्समध्ये एफसिंक एकदा फसला आणि डेटाबेसनं पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या खेपेला “झालं” असं उत्तर येऊ शकतं, मजकूर डिस्कवर नसतानाही. कर्नल ती चूक एकदाच सांगतो आणि पाटी कोरी करतो. तेव्हापासून त्यांचा डेटाबेस एफसिंक फसला तर पुन्हा विचारत बसत नाही. सरळ कोसळतो आणि उठून रोजकीर्दीवरून सगळं परत लिहून काढतो. ते वाचलं तेव्हा मला हे साहेबच आठवले.

आमचं काम किरकोळ होतं. बॅटरीची आपोआप तपासणी बंद केली आणि दर चौथ्या रविवारी पहाटे मी पुण्यातून हातानं सुरू करायची, असं ठरलं. एका नोंदीचे चार व्यवहार एकात बांधा म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं. त्यांनी वर्षभरानं बांधले. पुढच्या पिढीच्या कंट्रोलरांत बॅटरीच्या जागी थोडा वेळ वीज पुरवणारे सुपरकपॅसिटर आणि विजेविना मजकूर धरून ठेवणारी फ्लॅश मेमरी आली आणि हे प्रकरणच मिटलं, पण ते मशीन बदलेपर्यंत तिथं तीन वर्षं असंच चाललं.

मी फोनवर आठवण लावून ठेवली होती. दुसऱ्याच वर्षी फोन बदलला आणि आठवण गेली. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शनिवारी रात्री जेवायला बसलो होतो, तेव्हा मॅडमचा फोन आला. मागे टीव्हीचा आवाज होता आणि कालनिर्णयाचं पान उलटल्याची फडफड.

“सर, उद्या बॅटरीचा उपास. लक्षात आहे ना?”

मी आहे म्हणालो.

“बरं. पण रविवारी कोण उपास धरतं हो?”